अडलं तेही सांगू या

आम्ही आजूबाजूच्या लहान गावांतल्या प्राथमिक शाळांच्या शिक्षिका. आमच्यात दोघी अंगणवाडी सेविकाही आहेत. आज आम्हाला बोलायचंय ते शाळेबद्दल, पण पुस्तकांबद्दल नाही आणि परीक्षेबद्दलही नाही. वर्गात शिकवताना बाईंना किंवा सरांना काय अडतं, ते त्यांनी दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना मोबाईलवरून मोकळेपणानं सांगावं, आणि त्यातून मुलांचं भलं कसं होतं, त्याबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, हे तर शिक्षकांनी शिक्षकांशी बोलायचं. आम्हाला का सांगता? कारण पोरं तुमची आहेत. आणि दुसरं कारण असं, की शिक्षकानं मोकळं बोलावं की गप्प बसावं हे बरंचसं गावावर अवलंबून असतं. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी भाकरीचं घ्या. एखाद्या दिवशी भाकरी थापताना चिरते. आपण काय करतो? मनात म्हणतो, पीठ जुनं झालं असेल, विरी गेली असेल. नाहीतर पाणी गार पडलं. दुसऱ्या दिवशी आधणाच्या पाण्यात पीठ मळून बघतो. तरी जमलं नाही तर शेजारणीला विचारतो, जात्यावरचं पीठ घेतलंस का, गिरणीतलं, किती दिवसांचं. काय झालं, का झालं, उद्या काय बदलू. एवढे तीनच प्रश्न. शिक्षणाच्या प्रशिक्षणात याला चिंतन म्हणतात. शब्द मोठा आहे, काम तुमच्या रोजच्या ओळखीचं आहे.

आता हेच वर्गात बघा. बाईंनी वजाबाकी शिकवली. तीस मुलांतल्या बारा मुलांना आली नाही. बाई संध्याकाळी घरी जाताना मनात म्हणतात, का आली नसेल? पण शेजारीण कुठून आणायची? आपल्याकडच्या कितीतरी गावांत शाळा दोनशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग आणि शिकवणारे दोघंच. एका खोलीत दोन-तीन वर्ग बसलेले. दुसरे शिक्षक मीटिंगला गेले की उरल्या एकट्या बाई. पोषण आहाराची नोंद, पट, हजेरी, ऑनलाइन माहिती, हे सगळं उरकून चिंतन करायला वेळ मिळतो तो एसटीची वाट बघताना. आणि तिथे ऐकायला कोणी नसतं.

असं नाही की शिक्षक कधी एकत्र येतच नाहीत. आपल्या राज्यात शेजारच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, केंद्रप्रमुख असतात, शिक्षण परिषद भरते. तिथे काही चांगल्या गोष्टी ऐकायला मिळतात. पण बराच वेळ सूचनांमध्ये जातो. आणि वर्गातली अडचण आज येते, परिषद पुढच्या महिन्यात. तोवर बारा मुलांची वजाबाकी तिथेच राहते आणि पुस्तक पुढच्या धड्यावर जातं.

मोबाईल मात्र आता प्रत्येक शिक्षकाच्या हातात आहे. करोनाच्या काळात २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्ही सगळ्याच जणी मोबाईलवर शिकवायला, मेसेज पाठवायला, व्हिडिओ करायला शिकलो. व्हॉट्सॲपचे ग्रुप तर एकेका शिक्षकाकडे वीस-वीस आहेत. पण त्या ग्रुपवर येतं काय? सकाळी फुलांचं चित्र. मग परिपत्रक. मग "माहिती आजच्या आज भरावी". मग कार्यक्रमाचे फोटो आणि त्याखाली अभिनंदनाच्या ओळी. फोटोत सगळी मुलं हसत असतात. मागच्या बाकावरचा ज्याला वाचता येत नाही, तोही हसत असतो. फोटोवरून ते कळत नाही.

आम्ही काही जणींनी ठरवलं, की एक छोटा ग्रुप वेगळा ठेवायचा. त्यात फोटो नाही, अहवाल नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकीनं दोन मिनिटं बोलून पाठवायचं, की या आठवड्यात मुलांना काय जड गेलं आणि मला त्यातलं काय कळलं नाही. बोलून पाठवायचं कारण टाइप करायला वेळ जातो आणि लिहायला बसलं की माणूस सजवून लिहितो. बोलताना खरं येतं. रेंज नसली तरी बोलून ठेवता येतं, एसटी फाट्यावर आली की आपोआप जातं.

त्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे नीट कळेल.

दुसरीच्या वर्गातला एक मुलगा सत्तावीस लिहा म्हटलं की ७२ लिहायचा. बाईंनी दहा-दहा वेळा लिहून घेतलं. लिहिताना बरोबर, दुसऱ्या दिवशी परत ७२. बाईंनी ग्रुपवर विचारलं, याचं काय करू? एरवी उत्तर काय आलं असतं? "सराव घ्या." पण ग्रुपमधल्या एकीनं उलटा प्रश्न टाकला. म्हणाली, तो सत्तावीस ऐकतो तेव्हा आधी काय ऐकतो?

मैत्रिणींनो, तुम्हीच म्हणून बघा. सत्ता-वीस. आधी सात ऐकू येतात, मग वीस. मुलगा ऐकतो तसंच लिहितो. आधी सात, मग दोन. तो चुकत नव्हता, आपली भाषा जशी बोलते तसा तो लिहीत होता. लगेच दुसरीनं सांगितलं, माझ्याकडे एकोणचाळीसला गडबड होते. मुलं चाळीस ऐकतात आणि आधी ४ मांडतात. एकाच आठवड्यात कळलं, की हे एका मुलाचं नाही आणि एका शाळेचंही नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससोबत "वीस सात" असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, विधानसभेत. टिंगलही पुष्कळ झाली. वाद बाजूला ठेवा. पण ती पद्धत ज्या अडचणीसाठी आली होती ती अडचण खरी आहे, आणि ती ज्या बाई रोज वर्गात बघतात त्यांना त्या वादात कुणी विचारत नव्हतं.

पुढचं ऐका. ग्रुपवरच्या एकीनं सुचवलं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, रबर लावा. सत्तावीस म्हटलं की आधी डावीकडे दोन गठ्ठे, मग सात सुट्या काड्या, आणि मगच लिहायचं. दुसऱ्या एकीनं ते करून पाहिलं आणि सांगितलं, काड्या बरोबर मांडतात पण पाटीवर परत उलटं. मग तिनं पाटीवरच उभी रेघ मारली, डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या, आणि काड्या उचलल्या की त्याच जागी आकडा. आणि मग आली सगळ्यात मोलाची गोष्ट, ती एका आईकडून. मुलाला घ्यायला आलेली आई सहज म्हणाली, "बाई, हा दुकानात तर पैसे बरोबर मोजतो. सत्तावीस रुपये म्हटलं की दहाच्या दोन नोटा आणि सात सुटे देतो." बाईंनी ते त्याच दिवशी ग्रुपवर सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात चार शाळांत काड्यांसोबत कागदाच्या नोटा आल्या.

सगळ्यांचं एकदम सुटलं असं आम्ही सांगणार नाही. काही मुलांना अजून वेळ लागतो. पण त्या मुलाला "लक्ष देत नाही" म्हणून रागावणं थांबलं. चूक कुठून येते हे कळलं की मुलाकडे बघायची नजर बदलते. आणि हे एकट्या बाईंना सापडलं नसतं. एकीचा प्रश्न, दुसरीचा उलटा प्रश्न, तिसरीची काडी, चौथीची रेघ आणि एका आईचं निरीक्षण, असं मिळून ते झालं.

ही काही आजची, मोबाईलची गोष्ट नाही. चांगलं शिकवणारी माणसं नेहमी एकमेकांना सांगत आली आहेत. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांना शाळेची काळजी आहे, आणि आपल्यामागे सगळ्या कामाचा भार पडलेल्या फातिमा शेख यांची आठवण आहे. विचार करा, ज्या काळात मुलींना शिकवणारीवर लोक शेण टाकत होते, त्या काळात दोघी बरोबर होत्या म्हणून काम टिकलं. एकटीनं कितीही धीर धरला तरी तो पुरत नाही. बरोबरीची बाई लागते.

गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांना शिकवत. त्यांचं "दिवास्वप्न" नावाचं पुस्तक आहे, मराठीतही मिळतं. त्यातले शिक्षक पहिल्या दिवशी मोठी तयारी करून वर्गात जातात. मुलांना शांततेचा खेळ शिकवायचा म्हणतात आणि वर्गात एकच गोंधळ होतो. सगळं फसतं. घरी जाऊन ते विचार करतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांना गोष्ट सांगायला सुरुवात करतात, तेव्हा मुलं जवळ येऊन बसतात. ते पुस्तक आजही शिक्षक वाचतात, कारण त्याची सुरुवात फजितीपासून आहे. नुसती शाबासकी असती तर कोणी वाचलं नसतं.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे आपल्याकडे आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि नंतर ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली, आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही नाही. मुलं का येत नाहीत ते पाहिलं आणि बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो तो तिथून आलेला. आणि या दोघी नुसतं काम करून थांबल्या नाहीत. शिक्षणपत्रिकेतून आणि पुस्तकांतून, काय केलं, काय अडलं, काय बदललं हे लिहीत राहिल्या, म्हणून ते दुसऱ्या गावांना वापरता आलं. तेव्हा छापायला महिना लागायचा. आज दोन मिनिटांत पोचतं.

जपानमध्ये तर शंभर वर्षांहून जास्त काळ शिक्षक मिळून एका धड्याची तयारी करतात. मग एक जण वर्गात शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, शिकवणाऱ्याकडे नाही. कोणत्या मुलानं कधी मान खाली घातली, कुठे पेन्सिल थांबली, ते टिपतात. नंतर बसून बोलतात. धडा सगळ्यांचा असतो, म्हणून तो जमला नाही तरी एकट्याची मान खाली जात नाही. आपल्या दोनशिक्षकी शाळेत मागे उभे राहायला माणसं कुठली? पण मोबाईलवर चौघी-पाच जणी मिळून एकच धडा आपापल्या शाळेत घेऊन संध्याकाळी बोलू शकतात. तेवढं आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबद्दल. आपल्यातल्या काही जणींच्या घरचीच ही गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, पोरंही बरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. सरकारी नियमानं अशा मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. कार्डावर इयत्ता कळते. पण तिसरीतली ती मुलगी अक्षर जोडून वाचते की अजून एकेक अक्षर लावते, ती घाबरते कशाला, तिला गाणं म्हणायला सांगितलं की ती कशी खुलते, हे कार्डावर नसतं. नव्या शाळेतल्या बाईंना ते कळायला महिना-दीड महिना जातो. तोवर मुलगी मागे बसते, मग फडात धाकट्या भावाला सांभाळायला थांबते, आणि मग शाळेत येतच नाही.

गावच्या बाईंनी कारखान्याकडच्या बाईंना दोन मिनिटांचा निरोप बोलून पाठवला, तर तो महिना वाचतो. "ही मुलगी जोडाक्षराला अडते, पण गोष्ट ऐकून पुन्हा सांगते फार छान. तिला आधी गोष्ट सांगायला लावा." एवढं पुरे. आणि परत येताना तिकडच्या बाईंनी इकडे सांगावं. आईबापांना विचारून, त्यांच्या देखत. एका मुलीचं वर्ष वाचतं की जातं, ते एवढ्याशा बोलण्यावर ठरू शकतं. म्हणून आम्ही या विषयाला गप्पा समजत नाही.

मग शिक्षक बोलत का नाहीत? इथे तुमचा संबंध येतो.

पहिली भीती वरच्यांची. ज्या ग्रुपवर साहेब आहेत तिथे कोणती बाई म्हणेल, की माझ्या तिसरीतल्या नऊ मुलांना वाचता येत नाही? तपासणीच्या वेळी तेच काढून दाखवतील अशी धास्ती असते. खरं तर निपुण भारत मोहीम २०२१ पासून सुरू आहे ती याचसाठी, की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत. पण मुलाला येत नाही हे म्हणायचीच चोरी असेल, तर येणार कसं?

दुसरी भीती गावाची. बाई म्हणाल्या "जमलं नाही", की पारावर चर्चा, "त्यांना शिकवताच येत नाही". कोणी तरी मेसेजचा स्क्रीनशॉट काढतं, तो गावच्या ग्रुपवर जातो, मग बदलीची मागणी.

तिसरी भीती पटाची. आधीच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय होणार याची टांगती तलवार आहे. शाळेचं काही कमी बाहेर आलं, की चार पालक पोरं काढून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतील, आणि शाळाच जाईल. म्हणून मग फोटो, हसरी मुलं आणि "उपक्रम यशस्वी".

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची बैठक आठवा. एखादीचा हप्ता चुकला, तर चांगला गट काय करतो? तिला उभी करून बोल लावत नाही. विचारतो, काय अडचण आली? म्हैस आटली का, नवरा आजारी आहे का, माल विकला नाही का? मग मार्ग काढतो. हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो, म्हणून अडचण लपत नाही आणि लपत नाही म्हणून वाढत नाही. ज्या गटात अडचण सांगणारीला हसतात, तिथे ती सावकाराकडे जाते आणि गटाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शाळेचंही अगदी तसंच. ज्या शाळेत "जमलं नाही" म्हणायला जागा आहे, तिथे मुलाचं अडलेलं पहिलीत कळतं. जिथे नाही, तिथे ते सातवीत कळतं.

आता जे शिक्षक आमचं ऐकत असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी.

ग्रुप छोटा ठेवा, सहा-आठ जणांचा. सगळे वर्गात शिकवणारे हवेत, साहेब नकोत. साहेबांबद्दल राग म्हणून नाही, तर मोकळं बोलता यावं म्हणून.

एका वेळी एकच प्रश्न घ्या. "माझा वर्ग कच्चा आहे" असं म्हटलं तर कोणी काही सांगू शकत नाही. "बावन्नातून सत्तावीस वजा करताना मुलं सातातून दोन काढतात आणि ३५ लिहितात" असं म्हटलं, की दहा जणींना काहीतरी सुचतं.

उत्तर द्यायची घाई करू नका. आधी विचारा, मूल त्या वेळी काय बोललं, काय करत होतं? "असं करायला हवं होतं" हे वाक्य ग्रुपबाहेर ठेवा. आणि ज्यानं सुचवलेलं करून पाहिलं त्यानं परत येऊन सांगायचं, जमलं तरी आणि नाही जमलं तरी.

चौथी गोष्ट सगळ्यात जपायची. मुलाचं नाव, चेहरा, जात, घरची भांडणं, यातलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. वहीचा फोटो टाकायचाच असेल तर नाव झाकून. "दुसरीतला एक मुलगा" एवढं पुरतं. आपण बोलतो ते शिकवण्याबद्दल, मुलाच्या घराबद्दल नाही. तिथलं तिथेच ठेवायचं, पुढे पाठवायचं नाही. ऊसतोडीच्या मुलीचा निरोप हा दोन बाईंमधला, आईबापांना माहीत असलेला निरोप. तो सगळ्या ग्रुपवर फिरवायचा नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला माहीत असेल. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालायची त्यांची कल्पना त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, म्हणून ती पुढे राज्याच्या पुस्तकांत आली. पुरस्काराची अर्धी रक्कमही त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. वाटल्यानं काही कमी झालं नाही. आम्ही एवढंच म्हणतो, जमलेलं वाटतो तसं अडलेलंही वाटू या. जमलेलं ऐकून दुसऱ्याला हुरूप येतो. अडलेलं ऐकून त्याला धीर येतो, की मी एकटी नाही.

आणि तुम्ही काय करायचं?

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणी तिथे आहेत. पुढच्या बैठकीत सहीपुरत्या जाऊ नका. बाईंना विचारा, "या महिन्यात मुलांना काय जड गेलं? तुम्ही काय बदलून पाहिलं? आमच्याकडून काही हवंय का?" आणि बाईंनी खरं सांगितलं, तर ते पारावर नेऊ नका. खरं सांगणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभं राहा. गाव पाठीशी आहे हे कळलं, की शिक्षक वरच्यांसमोरही न घाबरता बोलतो.

मूल घरी काय करतं ते बाईंना सांगा. दुकानात पैसे मोजतं, शेळ्या मोजतं, आजीला गोष्ट सांगतं, चुलीपुढे बसून कोळशानं काय लिहितं. तुम्हाला ते साधं वाटतं. त्या आईला वाटलं होतं तसंच. पण त्यानं चार शाळांतल्या मुलांचा रस्ता सोपा झाला.

शिक्षकांचे असे ग्रुप आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलतात. त्या अर्ध्या तासात "बाई मोबाईलवरच असतात" असं म्हणायच्या आधी एकदा विचारा, काय बोलताय? त्या तुमच्याच पोराच्या वजाबाकीबद्दल बोलत असतील. आणि नसतील, तर तुमच्या विचारण्यानं सुरू करतील.

आणि ही गोष्ट फक्त शिक्षकांची नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. अंगणवाडीच्या ताईच्या मोबाईलवर पोषण ट्रॅकर आहे, त्यात वजन-उंची भरली जाते. पण वजन का वाढत नाही आणि सासूला कसं समजवावं, हे दुसऱ्या गावच्या ताईला विचारायला ट्रॅकरमध्ये जागा नाही. आशाताईंचं तसंच, बचत गटाच्या सीआरपी ताईंचंही तसंच. जिथे जिथे एकटी बाई माणसांशी काम करते, तिथे तिला दोन मिनिटं ऐकणारी, तेच काम करणारी दुसरी बाई हवी. ती पलीकडच्या तालुक्यात असली तरी चालेल.

तेव्हा या आठवड्यात एवढं करू या. तुमच्या गटाच्या बैठकीत शाळेच्या बाईंना बोलवा. चहा द्या. आणि विचारा, "बाई, काय अडतंय?" त्या सांगतील तेवढं ऐकून घ्या, मधे बोलू नका. मग त्यांना म्हणा, हेच दुसऱ्या शाळेतल्या चार बाईंनाही सांगा. त्यांचंही तेच अडलेलं असेल.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तुमचं मूल घरी असं काय करतं की जे शाळेला माहीत नाही, ते एकदा आठवून बघा आणि उद्या बाईंना सांगा.